आईपुरती जागा

रियाधमध्ये आमच्या इमारतीखालच्या बागेत, पहाटेच्या नमाजाची, फजरची अजान झाली की एक म्हातारी चिनी बाई येते. पायात कापडी बूट, बाकावर गरम पाण्याचा थर्मास. गुडघे किंचित वाकवून ती दोन्ही तळवे इतके सावकाश वर नेते, जणू हातात काठोकाठ भरलेली परात आहे. याला चिगोंग म्हणतात. श्वास आणि हालचाल जुळवण्याची ही चीनमधली फार जुनी पद्धत. तिला तिच्या आजीने शिकवली, असं तिची सून लिफ्टमध्ये म्हणाली.

मी फिजिओथेरपिस्ट. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माझ्या आईचे गुडघे मीच सुधारणार होते. पण मी व्यायामाचं नाव काढलं की तिला चहा आठवायचा. आणि एका सकाळी बाल्कनीतून पाहते तर आई त्या बाईशेजारी, साडीवर माझा स्वेटर चढवून, तळवे उचलत उभी! हळूहळू तिचा तोल सुधारला, शांत झोप लागू लागली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता जळफळाट.

"मीही रोज व्यायामच सांगत होते ना?" मी चिडून विचारलं.

"तू सांगत होतीस गं," आई म्हणाली. "ती माझ्याबरोबर करते."

आई सांगलीला परतली. तिथून फोनवर पहिला प्रश्न, "ती आली होती का बागेत?"

"आली होती," मी म्हटलं. शेजारी आईपुरती जागा मोकळी सोडून ती उभी होती, हे मात्र सांगितलं नाही.