मालिकेतला आवाज

मी सात वर्षांची असताना अख्खी दिल्ली मला ओळखायची; निदान आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी कॉलनीत तरी तसंच वाटायचं. रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची, त्यात मी पंजाबी घरातली आगाऊ धाकटी लेक होते. कमरेवर हात ठेवून "पापाजी, पहले वादा करो" म्हणायचे. भाजीवाल्यापासून बाबांच्या ऑफिसातल्या बड्या साहेबांपर्यंत सगळे मला ते म्हणायला लावायचे. आणि मी म्हटलं की त्यांचे चेहरे पडायचे.

कारण पडद्यावरचा आवाज माझा नव्हता. चेहरा माझा, झिपऱ्या माझ्या, पडलेले दोन दातही माझेच. पण माझं हिंदी ऐकून दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला असणार. आई लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीला आलेली, आणि हिंदी बोलली तरी तिचा हेल साताऱ्यातून हलला नव्हता. तोच माझ्या तोंडी बसलेला. मग माझे सगळे संवाद एका चाळिशीच्या बाईंनी माइकसमोर बोबडं बोलून भरून दिले. फार सुरेख बोलल्या त्या. हे मला आजही कबूल करावं लागतं आणि करताना राग येतो.

आम्हाला मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिला भाग बघायला आईने शेजारपाजाऱ्यांना बोलावलं, चिवडा केला. मी पडद्यावर तोंड उघडलं आणि भलतंच कुणीतरी बोललं. दोष कुणाचा हे आईने आपलं आपणच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. अडखळत, चुकत, अगदी ताटात वाढतानासुद्धा. "बेटा, और चावल लोगी?" मी मराठीत उत्तर दिलं की ऐकूच आलं नाही असं दाखवायची. मला रडू यायचं, तिलाही येत असावं.

लोकांचा हिरमोड नको म्हणून तिने आरशासमोर उभं करून त्या बाईंचा आवाज माझ्याकडून घोटून घेतला. तो मला हुबेहूब जमेपर्यंत मालिका संपली, दात आले, मी ताडमाड वाढले आणि कुणी विचारेनासं झालं.

मी बारावीत असताना घरोघरी केबल आली होती आणि यमुनेपलीकडे नोएडात स्टुडिओ उभे राहत होते. एका नव्या चॅनेलवाल्यांना मालिकेसाठी कॉलेजातली मुलगी हवी होती. कुणालातरी माझी आठवण झाली. बाबा ऑफिसातून येताना खूश होऊन सांगत आले, "आता डबिंग-बिंग नाही. सेटवरच आवाज घेतात." जायच्या दिवशी आईने माझा ड्रेस दोनदा इस्त्री केला. निघताना खांद्यावरची ओढणी सरळ करत म्हणाली, "तुझ्या आवाजात बोल हं." मराठीत म्हणाली. मला वाटलं, आज हे जमायलाच हवं.

बाबा हाफ डे टाकून मला स्कूटरवरून घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं, आणि शेतात बिल्डरांच्या पाट्या. स्टुडिओत मला एक प्रसंग वाचायला दिला. नोकरीसाठी घर सोडणारी मुलगी वडिलांना ते सांगते, असा. मी जीव ओतून वाचला. माझं हिंदी एव्हाना दिल्लीचं झालं होतं.

"अच्छा है," समोरचा जीन्सवाला मुलगा म्हणाला. "वो बचपन वाली आवाज़ अभी भी आती है?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, कर म्हणून. मी कमरेवर हात ठेवला. "पापाजी, पहले वादा करो." खोलीत हशा पिकला. शेजारच्या खोलीतून माणसं बोलावली गेली. "यार, एक बार और." मी पुन्हा केलं. थांबायचं कसं, हे मला कळतच नव्हतं. बाबा टाळ्या वाजवत होते. मग "बहुत बढ़िया, बताएँगे" म्हणून स्टुडिओवाल्यांनी आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

यमुनेच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा बाबा किंचित मागे वळून म्हणाले, "पहिलं ठीक होतं गं. पण दुसरं जास्त छान झालं." अगदी मनापासून म्हणाले.

आई दारातच उभी होती. "ऐकला त्यांनी तुझा आवाज?"

"अगं, ऐकला म्हणजे? सगळा स्टुडिओ गोळा झाला होता," बाबा हेल्मेट काढत म्हणाले. "दाखव की आईला करून."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी फ्रिजजवळ उभी राहून करून दाखवलं. आई हसली. किती दिवसांनी हसत होती. पदराने डोळे पुसत म्हणाली, "बिल्कुल वैसी की वैसी, बेटा. एक बार और."

मी पुन्हा कमरेवर हात ठेवला.