टॉवर काळुरामचा, नेट कुंडलिकच्या गच्चीवर

...तर काळुराम टॉवरला नारळ फोडून जिन्यात उभा राहिला, इथपर्यंत काल आपण आलो होतो. पेढे वाटून झाले होते, नवं नेटवर्क सुरू झालं होतं. आता ऐका, खरी गंमत पुढेच आहे.

मानपाड्यात काळुरामच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे. गावातला पहिला. त्याच्या बापाने जिथे भात लावला तिथे कारखाने आले, बैल गेले, नांगर गेला. पण काहीतरी पूजल्याशिवाय काळुरामला दसरा गोड लागत नाही. म्हणून तो टॉवरलाच हळदकुंकू लावतो आणि झेंडूचं तोरण बांधतो. तोरण गल्लीपलीकडच्या कुंडलिकला दिसेल अशाच बाजूला! कुंडलिक त्याचा धाकटा चुलतभाऊ. लहानपणी दोघं खाडीत गळ टाकून बसायचे, तेव्हा काळुरामची नजर स्वतःच्या गळावर कमी आणि कुंडलिकच्या टोपलीत जास्त. साठी उलटली तरी नजर काही हललेली नाही.

नवं नेटवर्क बसवायला शिवानी नावाची इंजिनीअर पोरगी आली होती. तिने समजावलं, "काका, आतापर्यंतचं फाइव्ह जी जुन्या फोर जीचा हात धरून चालत होतं. आता ते स्वतःच्या पायावर उभं राहिलंय." काळुरामने हे वाक्य पाठच करून टाकलं. सलूनमध्ये, देवळात, भेटेल त्याला ऐकवलं.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याची नात समृद्धी फोनचा स्टँड काखेत मारून निघाली कुठे? कुंडलिकच्या गच्चीवर!

समृद्धी मोबाइलवरून मेंदीचे लाइव्ह क्लास घेते. घरात चित्र अडकायचं, कोन हवेतच राहायचा आणि शिकणाऱ्या बायका ओरडायच्या. वायफाय घेऊन पाहिलं होतं, पण रस्त्याच्या काँक्रीटच्या कामात त्याची वायर सारखी तुटायची. कुंडलिकच्या गच्चीवर मात्र नेट धो धो. संध्याकाळ झाली की पलीकडून आवाज यायचा, "आबा, दिवा जरा वर धरा ना!" आणि कुंडलिकचं खो खो हसणं. काळुराम गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. समोर टीव्ही, कान पलीकडे.

"टावर माझा, वजन माझे स्लॅबवर," तो धुसफुसायचा, "आणि नात त्याचे गच्चीवर!"

"मंग टावर पण नेऊन ठेवा तिथं," बायको कमळाबाई भाजी निवडता निवडता म्हणायची. "पोरीला सोबत होईल."

शेवटी त्याने शिवानीला फोन लावला. "अगं पोरी, तो नेट जरा माझे घरान वळव ना."

"काका, अँटेनाचं तोंड बाहेर असतं. अगदी खालच्या घरात कमीच येणार. वर तुमची पत्र्याची शेड, पत्रा सिग्नल अडवतो. शेड काढलीत तरी स्लॅब आहेच."

एवढं सगळं ती बोलली. काळुरामच्या कानात राहिलं ते एकच, पत्रा सिग्नल अडवतो.

काळुरामचा वाढदिवस आला. आपल्याकडे वाढदिवस म्हटला की फ्लेक्स आलाच. काळुरामचाही लागला, गच्चीवर, बरोबर कुंडलिकच्या बाजूला. पांढरा सदरा, काळा गॉगल, जोडलेले हात. लोकांच्या फ्लेक्सला मागे बांबू असतात, याच्या फ्लेक्सला पत्रे होते, अँटेनाच्या डोक्यापर्यंत चढवलेले.

त्या संध्याकाळी पलीकडे सगळं चिडीचूप. समृद्धी फोन वर धरून गच्चीभर फिरत होती, मागे कुंडलिक दिवा घेऊन. काळुरामला असा काही गारवा वाटला की त्याने चहा दुसऱ्यांदा मागितला. आता येईल पोरगी घरी, म्हणून दाराकडे डोळे लावून बसला.

आली. पण बॅग भरायला!

"आजोबा, मी ठाण्याला मैत्रिणीकडे, निशाकडे राहायला चालले, खोपटला. तिच्याकडे नेट चांगलं आहे. इथे माझे क्लास बुडतील."

"परत कधी येशील?"

"बघू. लग्नसराई संपली की."

काळुरामने चहाचा कप खाली ठेवला. कमळाबाईने वर फ्लेक्सकडे हात दाखवला. "आता त्या फोटोतले हातांवर काढून घ्या मेंदी."

काळुराम उठला. पाना घेतला, शिडी लावली, नि पोटाचा घेर सांभाळत फ्लेक्समागे चढला. नट खोलले. एक पत्रा खाली आला, मग दुसरा. फोटोतला काळुराम कमरेत वाकला, मग तोंडावर पडला. तिकडे समृद्धी बॅग घेऊन फाटकापर्यंत पोहोचली होती. तिच्या हातातला फोन टुणटुण वाजायला लागला. तिने फोन पाहिला, मान वर करून आजोबांना पाहिलं आणि बॅग फाटकातच ठेवून पलीकडचा जिना चढली.

कुंडलिक कठड्यावर रेलून हे सगळं बघतच होता. समृद्धी शेजारी येऊन उभी राहिल्यावर त्याने हाक मारली, "काय रं दादा, वाढदिवस आजच हाय ना? आजच कसा उतरवलास स्वतःला?"

पाना हातात, सदऱ्याला गंज, दम लागलेला. तशातच काळुराम ओरडला:

"फोटू उतरवला, मी नाय उतरलो! नेट माझा, नात माझी, तुझी नुसती गच्ची हाय. बसू दे तिला तिथं. पण तिला भूक लागली तर मना हाक मार, खायला माझे घरून येईल. तुझे घरचा एक पापड जरी दिलास ना कुंडलिक, तर पत्रे परत चढवीन!"