निपाणीच्या असिस्टंटबाई

असिस्टंटबाई पेशंटशी बोलताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. नवख्याला वाटे, बाईंना कुणीतरी शिक्षा केली आहे.

शिक्षाच होती ती. भोरच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी औषधं द्यायचो, तिथं त्या आल्या. माहेर निपाणी, सासर उत्रोली. डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासायचं रीतसर शिक्षण आणि कर्नाटकात चार वर्षांचा अनुभव. डॉक्टरांनी आनंदानं ठेवून घेतलं आणि आठवड्याभरात कळलं, की बाईंची नोंदणी तिकडची. इकडं चालत नाही. इकडचं कार्यालय म्हणे, तिकडचं ना-हरकत पत्र आणा. तिकडचं म्हणे, आधी इकडून मागणीचं पत्र येऊ द्या. तोवर बाई केसपेपरच्या टेबलावर.

“खोकला तोच, ताप तोच,” त्या म्हणायच्या, “नाका ओलांडला आणि माझं शिक्षण तेवढं मागं ऱ्हायलं बघा.”

लोकांना हे काही पटत नसे. नाव सांगता सांगता बायका जीभ काढून दाखवत, म्हातारे मनगट पुढं करत. बाई मान फिरवत. “मला नका दाखवू हो, मोह होतो.”

एकदा गुंजवण्याचे एक आजोबा आले. “पित्त झालंय. गोळी द्या, यष्टी सुटंल.”

बाईंनी नुसतं पाहिलं. कपाळावर घाम, आजोबा डावा खांदा चोळत होते. “आधी आत चला.”

“न्हाई वो, डॉक्टर म्हंजी दोन तास!” आजोबा दाराकडं वळले. त्याबरोबर बाईंनी त्यांची पिशवी हिसकावली आणि तपासणीच्या खोलीत शिरल्या. “चोर! चोर!” करत आजोबा मागोमाग. आत डॉक्टरांनी त्यांना धरून आडवं केलं. हृदयविकाराचा झटका होता. रुग्णवाहिकेनं पुण्याला नेलं, वाचले.

“अहो, हार्टच्या पेशंटला असं मागं पळवतात होय?” डॉक्टर म्हणाले.

“हात धरून आणायची परवानगी नव्हती, सर.”

दीड वर्षानं इकडची नोंदणी झाल्याचं पत्र आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, साबणानं हात धुतले आणि आत गेल्या. समोर भाटघरच्या एक आजी होत्या. बाईंनी त्यांची नाडी धरली, ती सोडेचनात. आजी घाबरल्या.

“बाई, लई वाईट हाय का?”

“नाही आजी, झकास चाललीय,” बाई दंडाला डोळे पुसत म्हणाल्या.

आजींनी त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि निमूटपणे दुसराही हात पुढं केला.