साचे बंद असताना

दंडपाणी नाहकची सतरंजी कधी थंड पडत नसे. सकाळी तो उठून कामाला गेला की रात्रपाळी करून आलेला टुकुना गौड त्याच सतरंजीवर आडवा व्हायचा. संध्याकाळी टुकुना उठला की दंडपाणी. सुरतेतल्या वेड रोडवरच्या त्या मेसमध्ये सगळ्यांचंच तसं होतं. एक अंथरूण, दोन माणसं, आणि डोक्याशी दोन पत्र्याच्या पेट्या.

मेसमधला सगळ्यांत जुना माणूस लिंगराज गौड, टुकुनाचा काका. सगळे त्याला भाईना म्हणत. ओडिशातल्या गंजामहून आलेल्या कुणाला कुठे झोपवायचं, पखाळाच्या, म्हणजे पाणीभाताच्या हंड्यात पाणी किती घालायचं, सगळं त्याच्या तोंडून ठरायचं. त्याच भाईनाने दंडपाणीच्या मुलीला, मामिनाला, टुकुनासाठी मागणी घातली.

"पोरगा डोळ्यांसमोरचा आहे," भाईना म्हणाला. "तू तर त्याच्या अंथरुणात झोपतोस. आणखी काय बघायचं राहिलं?"

सगळी मेस हसली. दंडपाणीही हसला.

निर्बंध, म्हणजे लग्नाचा शब्द देण्याचा विधी, रविवारी ठरला, जगन्नाथाच्या देवळात. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी नारळ-सुपारी हातात घेऊन शब्द द्यायचा. त्याला मुलगी हजर लागत नाही. शब्द गेला की गेला.

दंडपाणीला नाही म्हणायचं होतं असं नाही. हो म्हणायचं होतं असंही नाही. त्याला जरा विचार करायचा होता आणि मामिनाला विचारायचं होतं. दोन्हीला जागा नव्हती.

साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, उभा राहून कान गेलेला माणूस ओरडून बोलतो, आणि फोनही सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवतो. पलीकडून बायको, मामिनाची बोउ, म्हणाली, "मामिनाबापा, पोरगी हल्ली नीट जेवत नाही," तर कोपऱ्यातून एकाने आवाज दिला, "आनंदाने हो वहिनी, आनंदाने! नवरा मिळाला की जेवेल." भाईना मान हलवून हसला. दंडपाणीने फोन बंद केला.

मग तो जागा शोधू लागला. बारा तास उभं राहून आलेल्या पायांनी.

तापीच्या काठी गेला. तिथे मेसमधलेच चौघे पाय सोडून बसलेले. "या सासरेबुवा!" बागेत गेला तर वॉचमनने शिट्टी मारली. "एकट्या माणसाला इथे बसता येत नाही. फॅमिलीवाल्यांसाठी आहे." "माझी फॅमिली आहे," दंडपाणी म्हणाला. "मग घेऊन ये." देवळात गेला तर कीर्तन चाललेलं, झांजा भाईनाच्या हातात. एका इस्पितळाचा व्हरांडा मात्र बरा होता. गार फरशी, हळू बोलणारी माणसं. तो भिंतीला टेकून बसला. विचार जरा सुरू होतो तोच शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" खोटं बोलणं त्याला जमेना. तो उठला.

तसा साचे चालू असताना त्याला विचार करता यायचा. त्या खडखडाटात कुणी बोलतच नाही, ओठ वाचून नाहीतर बोटांनी काम चालतं. पण धाग्याची तार तुटली की विचारही तिथेच तुटायचा. तार सांधून, धोटा लावून, दांडा ओढेपर्यंत दुसऱ्या साच्याची तुटलेली. हे काम अर्ध्या मनाने होत नाही. झालं तर कापडाच्या ताक्यात भोक पडतं.

शुक्रवारी वीज बंद असायची. कारखाना बंद, मेस भरलेली, दोन्ही पाळ्यांची माणसं एका खोलीत. बसायचं तर कुणाच्या तरी पायावर. दंडपाणी सकाळीच मुकादमाकडे गेला.

"रमणभाई, साच्यांखालचा कचरा काढतो."

"आज? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. बरेच दिवस निघाला नाहीये."

रमणभाईने त्याच्याकडे निरखून बघितलं. "बायकोशी भांडलास काय? ती तर तिकडे गावी आहे." मग शटर अर्धं उचलून दिलं.

कबूल केलेलं काम आधी. दंडपाणी गुडघ्यांवर बसून साच्यांखाली शिरला. तेलाने चिकटलेले तुकडे आणि तारांचे गुंते खरवडून काढले, पोत्यात भरले, साच्यांचे पाय पुसले. कोपरे सोडले नाहीत. मग हात धुऊन भिंतीशी बसला. कानात बारीक शिट्टी वाजत होती. ती त्याचीच होती. बाकी काही नाही.

त्याने फोन लावला.

"कुठे आहात?" बायको घाबरली. "कुणाचा आवाज कसा नाही? काही झालं का?"

"कारखान्यात आहे. वीज नाही. हळू बोल, ऐकू येतंय."

फोन कानाला घट्ट लावला तर परसातल्या कोंबड्याही ऐकू येत होत्या.

"मामिनाला दे."

मामिना आली. तिने एकच विचारलं. "बापा, तो कसा आहे?"

दंडपाणीने तोंड उघडलं. टुकुना दातांना गुडाखूची मशेरी लावतो हे त्याला ठाऊक होतं, उशीला वास येतो. डाव्या कुशीवर झोपतो हेही ठाऊक होतं, सतरंजी त्या बाजूला झिजलेली. पण दोघे एकाच वेळी जागे असे कधी बसले नव्हते.

"झोपलेला असतो," तो म्हणाला.

ती हसली. मग हसू थांबलं. "बापा, तुमचा फोन येऊन गेला की बोउ मला काय विचारते माहीत आहे? रागावले होते का गं? दर वेळी. तुम्ही ओरडता ना. मी सांगते, नाही गं, साच्यांमुळे. पुढच्या वेळी पुन्हा विचारते." आणि मग म्हणाली, "तोही साच्यांवरच आहे ना. मला असं विचारत बसायचं नाही."

"बरं," दंडपाणी म्हणाला.

फोन ठेवून तो बसून राहिला. फार वेळ मिळाला नाही. शटरखालून आधी डोकं, मग भाईना पूर्ण आत आला. धोतराला तेल लागलं म्हणून त्याने शिवी हासडली.

"सगळी गल्ली पालथी घातली! रविवारचा नारळ कुणी आणायचा, तू की मी?"

"बस भाईना."

"काय? मोठ्याने बोल."

"इथे ऐकू येतं. बस."

भाईना बसला नाही. दंडपाणी उठला. "नारळ नको. पोरगी नाही म्हणते."

"पोरीला विचारलंस?" भाईनाचा आवाज साच्यांवरून घुमून परत आला. "निर्बंधात पोरीला विचारतं कोण? तुझ्या सासऱ्याने तुझ्या बायकोला विचारलं होतं?"

"नाही."

"मग? काही बिघडलं का तिचं?"

दंडपाणी कचऱ्याच्या पोत्याचं तोंड बांधू लागला. उत्तर होतं. बायकोचं नाव घेऊन ते भाईनाला सांगणं त्याला नको वाटलं.

"टुकुनाने काय करायचं?" भाईना आता हळू बोलला. "तुझ्याच अंथरुणावर झोपायचं? ते व्हायचं नाही. पेटी उचल."

"उचलतो."

दुपारी त्याने पेटी खांद्यावर घेतली. मेसमध्ये कुणी विनोद केला नाही. टुकुना भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला होता की नाही, कळलं नाही.

पुढच्या गल्लीतल्या मेसमध्ये जागा भरलेली होती. त्याच्या पुढच्या इमारतीत एक अंथरूण रिकामं होतं, रात्रपाळीवाल्याबरोबरचं. मेसवाला जिन्यातच उभा होता.

"गाव?"

"गंजाम. आस्काजवळ."

"इथे तुला ओळखणारं कोण?"

दंडपाणीने पेटी खाली ठेवली. इतक्या वर्षांत सुरतेत त्याच्यासाठी शब्द टाकणारं माणूस एकच होतं.

"लिंगराज गौड."

"भाईना? मग काय प्रश्नच नाही." मेसवाल्याने फोन काढला. "एकदा विचारून घेतो. बस तोवर."

दंडपाणी पायरीवर बसला. खालून पाण्याचे डबे घेऊन माणसं चढत होती, वरून दुसरी उतरत होती. "सरक जरा," प्रत्येक जण म्हणायचा, आणि तो सरकायचा.