मामांच्या गाडीखालचं तेल

माझं जे काही बरं झालं, ते दिगंबरमामांमुळे. आईचे धाकटे भाऊ. "अरे, मामा गेले तुझे…" असा मामींचा फोन आला, तेव्हा मी चाकणला कंपनीत शिफ्टवर होतो. झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं. महिना होत आला, तरी मला अजून रडू येण्याआधी त्यांचा राग येतो.

परभणीकडच्या आमच्या गावात बारावीनंतर पुढं काय करायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मामांनी मला भोसरीला आणलं. भाड्याची एकच खोली. मी अभ्यासाला बसलो की ते आणि मामी बाहेर जिन्यात जाऊन बोलायचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर त्यांच्यासाठी काहीही नेलं, तरी उत्तर ठरलेलं. "आमाला काय करायचंय? तुलाच ऱ्हाऊ दे."

त्यांच्यासाठी काही करायला एकच जागा उरली होती… त्यांची मोटरसायकल. ती कायम गळायची. इंजिनचं तेल ते स्वतःच बदलत आणि दर वेळी त्याच चुका करत. गळणारा भाग पकडणं हे माझं कंपनीतलं कामच, त्यामुळं मला ते बघवत नसे. तेल सोडण्याचा खालचा बोल्ट ते सगळा जोर लावून आवळायचे. नोकरीतही, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, त्यांनी आयुष्यभर बोल्टच आवळले. पण तिथला पाना ठरावीक ताण आला की 'कट्' वाजायचा आणि हात थांबवावा लागायचा.

"मामा, बास. आटे जातील."

"कंपनीत पाना म्हणतो बास. घरी तू म्हणतो बास. मग मी कवा ठरवायचं?"

"पण गळायलंय ना!"

"गळायलंय म्हणून तर आवळायलो, भाचेबुवा."

त्या बोल्टला तांब्याचा वायसर, म्हणजे पातळ चकती, असते. तो एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही, नवा घालावा लागतो. मामा जुनाच पुसून घालत. वरून तेल मापापेक्षा जास्त ओतत, "पोटभर असू दे" म्हणत. मग दाब वाढून ते इंजिनच्या रबरी सिलातून वाट काढी आणि सामाईक अंगणात काळं थारोळं होई. घरमालकीण गाडी बाहेर काढायला सांगू लागल्या. मामी कपड्याच्या साबणाची पूड टाकून फरशी घासत बसत.

समोरासमोर बोललं की भांडण होई, म्हणून शेवटी मी पत्र लिहिलं. कुरुळीच्या माझ्या खोलीवरून भोसरीला, पोस्टानं! त्या रविवारी सकाळी गेलो, तर मामा हात पुसत बसलेले. तेल बदलून झालेलं, खाली थेंब लोंबत होता.

"आलास? झालं बी."

"आणि मी पत्रातून पाठवलेला वायसर?"

"जपून ठिवलाय. इतका नवाकोरा, त्या तेलात कशाला घालायचा?"

मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही… ती आमची शेवटची भेट. परवा मामींनी ते पत्र माझ्या हातात ठेवलं. ते असं होतं :

"ती. मामांस सा. न.

रागावू नका. बोल्ट बसला की पाना थोडाच फिरवा. जास्त आवळल्यानं इंजिनाच्या बाजूचे आटे जातात, मग नवा बोल्टही धरत नाही. तेल बघताना गाडी साइड स्टँडवर नको, सरळ उभी करा. तिरकी असली की माप चुकतं आणि तुम्ही जास्त ओतता. सोबत नवा वायसर पाठवतोय.

इतकी वर्षं तुम्ही मला काहीच करू दिलं नाही. चहा केला तर कपसुद्धा स्वतः धुता. मी कुणासाठी शिकलो, मामा? रविवारी येतो. तेल मी बदलीन. तुम्ही नुसते बाजूला बसून राहा, बाकी काही नको."