बिजलीच्या गाड्याची कांब

पौडच्या रस्त्यावर खडीच्या ट्रकखाली बिजलीचे मागचे पाय गेले, त्या मंगळवारनंतर माझ्या दाजींनी तिला चालतं करण्यापलीकडे जगात दुसरं काही केलं नाही. माझी थोरली बहीण, अक्का, हे शपथेवर सांगायची आणि दाजी समोर बसून मान डोलवायचे. बिजली ही त्यांची कुत्री. धरणाची वीज तारांवरून मुंबईला जाते, आपल्या वाट्याला एवढीच आली, असं म्हणून दाजींनी तिचं नाव ठेवलं होतं. दाजी प्राथमिक शाळेत गुरुजी होते.

दाजींना मोडलेली वस्तू बघवत नसे. न मोडलेलीही फार काळ बघवत नसे. कोंबड्यांच्या खुराड्याला त्यांनी आपोआप लागणारं दार केलं. ते लागलं आणि मग कुणालाच उघडेना, दाजींनाही. अखेर खुराडं फोडावं लागलं. बिजलीसाठी त्यांनी माळ्यावरचा पांगुळगाडा काढला. त्यांची दोन्ही मुलं तो धरून चालायला शिकली होती. त्याची दोन चाकं सोडवून कुत्रीच्या कमरेला लावायची, असा बेत होता. फक्त मधे एक लोखंडी कांब हवी होती, कमरेवरून कमानीसारखी वाकून जाणारी.

तसलं काम करणारा लोहार चार कोसांवर, पिरंगुटला. दाजींनी इंचाइंचाचं चित्र काढून नेलं. लोहाराने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि परत दिला. "गुरुजी, जनावर बघितल्याबिगर मी कडीबी घडवत न्हाई. कुत्रं हितं आणा."

पुढच्या रविवारी दाजी धोतराच्या झोळीत बिजलीला घेऊन चालत निघाले. मी सोबत होतो. वाटेत भेटणारी बाईमाणसं बाळ केवढं झालं म्हणून विचारत आणि दाजी खरं वय सांगत, चार वर्षं. लोहाराने सुतळीने माप घेतलं, गाठी मारल्या आणि पंधरवड्याने कांब दिली. लांबी गाठींबरहुकूम होती. जाडी बैलगाडीला शोभेल अशी.

"कुत्रं जाईल गुरुजी, ही जायची न्हाई," तो म्हणाला.

मी दाजींकडे पाहिलं. गुरुजी झाले तरी ते शेतकऱ्याचं पोर, लोहाराला लोखंड कमी घाल म्हणणं त्यांच्या जिभेवर येईना. त्यांनी कांब खांद्यावर टाकली आणि झकास झालीय म्हणाले.

घरी बिजलीला पट्टे बांधले. पुढचे पाय रोवून ती ताणत राहिली. गाडा तसूभर हलला नाही. मग तिने मान वळवून दाजींकडे पाहिलं आणि दाजी जमिनीकडे बघू लागले. "सोडा तिला," अक्का म्हणाली. "नांगराला जुंपलंय का?"

दाजी पुन्हा पिरंगुटला गेले. लोहार रागावला. बारीक सळई उद्या वाकली तर नाव कुणाचं जाईल, असं त्याचं म्हणणं. त्यातून पेरण्या तोंडावर, दारात नांगराच्या फाळांचा ढीग. कुत्रीचं काम सगळ्यांत मागे. दाजी दर रविवारी जात आणि रिकाम्या हाताने परत येत. इकडे बिजली अंगणात फरफटत फिरे. तिच्या मांड्या सोलवटल्या होत्या, दाजी त्यांना हळद लावत. श्रावण लागला तसं तिने खाणं सोडलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती गेली. दाजींनी तिला परसात पुरलं आणि चाकं पांगुळगाड्याला परत बसवली. आयुष्यात त्यांचं तेवढं एक काम पहिल्या फटक्यात जमलं.

चार दिवसांनी लोहार आपणहून आला, इरलं पांघरून, पावसात चार कोस चालत. इरल्याखाली करंगळीएवढी कांब होती, घासून गुळगुळीत केलेली.

"एवढं बारीक काम जन्मात केलं न्हवतं. कुटं हाय ती? लावून बघू."

अक्का आत निघून गेली. दाजींनी कांब हातात फिरवून पाहिली. "निजलीय," ते म्हणाले.

लोहाराने ओटीवरचं रिकामं गोणपाट पाहिलं, मग परसातली ओली माती पाहिली. तो पायरीवर बसला.

"मी फाळ आदी केलं, गुरुजी."

"बरोबर केलंस," दाजी म्हणाले. "लोकांना पेरायचं होतं."

खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन पुजतात. कोयता, कुदळ, पहार यांच्या रांगेत दाजी दर वर्षी ती बारीक कांबही मांडत, तिला तेलाचा हात देत. ती कसलं हत्यार, असं अक्काने कधी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात दाजी गेले. जाड कांब गोठ्यात रोवली आहे, तिला म्हैस बांधतात. बारीक कांब खुंटीला आहे. यंदा तिला तेल मी लावलं.