धूळ उरते कशी

बाळांनो, तुमची आई कशावर डॉक्टर झाली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. धुळीवर! ताऱ्यांच्या मधल्या धुळीवर.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. अडयार भागातलं आमचं घर अगदी रस्त्याला लागून, म्हणून मी पुस्तकांचं कपाट दिवसातून दोनदा पुसायची. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तुमची आई माझ्यामागे फिरत प्रबंध समजावत होती. तारा फुटला की धक्क्याची लाट वायूच्या ढगातून धावते. वायूला एकाएकी वेग येतो, धुळीचे जड कण मागे पडतात. बस झटक्यात सुटली की उभी माणसं पडतात तसे. मग वायूचे अणू आदळून कण झिजतात, एकमेकांवर आपटून फुटतात.

"मग धूळ उरते कशी?" मी फडकं झटकत विचारलं. "इथे तर पुसावी तितकी परत येते."

"थंड, दाट ढगांत कण पुन्हा वाढतात. सोपं आहे, आई."

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. इन्स्पेक्टर आले की ज्याचं उत्तर मुलींना पाठ आहे तोच प्रश्न आम्ही विचारायचो. हाही प्रश्न मी जपून ठेवला.

परीक्षा सर्वांना खुली होती. बाहेरून आलेले परीक्षक कडक. एका गणितावर ती अडखळली. अध्यक्षांनी "सभागृहातून कुणी?" म्हणताच मी हात वर केला. तुमच्या आजोबांनी पदर ओढला, "अगं, बस खाली!" मी उभी राहून इंग्रजीत विचारलंच, मग धूळ उरते कशी?

तिने माझ्याकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे.

"घरी मी याला सोपं म्हटलं होतं," ती म्हणाली. "ते सोपं नाही. कण पुन्हा वाढत असावेत. पण लाटा त्यांना ज्या वेगाने मोडतात त्या वेगाने ते वाढतात का, हे मला माहीत नाही. माझं काम तिथे थांबतं."

परीक्षक त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "मग तिथूनच पुढे चला, डॉक्टर." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, आपण कोणत्या संस्थेच्या?"

"मी हिची आई."

रिक्षात मी इन्स्पेक्टरची गोष्ट सांगितली तशी ती माझ्यावर उखडली. "घातच केला असतास! आणि म्हणे इन्स्पेक्टरची युक्ती!"

मी ऐकून घेतलं. तीस वर्षांत इन्स्पेक्टरसमोर 'माहीत नाही' म्हणायची हिंमत असलेली एकही मुलगी मी वर्गात घडवली नव्हती. घरात मात्र एक घडली होती.